वाचकांचे प्रश्न : एरिट्रियाच्या मुक्तिलढ्याच्या परदेशातल्या आठवणी कशा टिपाव्यात?

मौखिक इतिहास नोंदवणाऱ्या वाचकांच्या पत्रांमधून या वेळी एरिट्रियाबद्दलचे प्रश्न निवडले आहेत. विषय नवा असलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. एरिट्रिया (ईशान्य आफ्रिका) १८९० पासून इटलीची वसाहत होती. १९४१ मध्ये ब्रिटिशांनी तिचा ताबा घेतला आणि १९५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार तिला इथिओपियाशी संघराज्यात जोडलं गेलं. इथिओपियाचे सम्राट हायले सेलासी यांनी १९६२ मध्ये हे संघराज्य मोडून एरिट्रियाला आपला एक प्रांत करून टाकलं. त्याआधीच, १ सप्टेंबर १९६१ रोजी सशस्त्र लढा सुरू झाला होता. तो २४ मे १९९१ ला राजधानी अस्मारा मुक्त होईपर्यंत चालला आणि एप्रिल १९९३ च्या सार्वमतात सुमारे ९९.८ टक्के मतं स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. या तीस वर्षांत सुदान, सौदी अरेबिया, इटली, जर्मनी, स्वीडन, अमेरिका अशा देशांत पांगलेल्या एरिट्रियन माणसांनी लढ्याला पैसा, औषधं आणि प्रचार पुरवला. ही माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. काम आज करायला हवं, उद्यावर टाकण्यासारखं नाही.

प्रश्न : मुलाखत देणारे सगळे जण जवळजवळ तेच सांगतात. ‘आम्ही एक होतो, आम्ही सर्वस्व दिलं.’ यापुढे बोलणं सरकत नाही. काय चुकतंय?

तुम्ही बहुधा ‘लढ्याबद्दल सांगा’ असं विचारताय. त्या प्रश्नाला त्यांच्याकडे तयार भाषण आहे. चाळीस वर्षं सभांमधून त्यांनी ते केलंय, ऐकलंय, आणि ते खोटंही नाही. पण त्यात माणूस सापडत नाही. लढ्याबद्दल विचारू नका, कामाबद्दल विचारा.

लढणाऱ्या संघटनेच्या परदेशातल्या शाखेची वर्गणी कोण गोळा करायचं? पावतीपुस्तक कोणाच्या घरी असायचं? पैसे देशाबाहेर कसे जायचे, बँकेतून की कोणाच्या हाती? पत्रकाची स्टेन्सिल कोण कापायचं, आणि टिग्रिन्या (एरिट्रियातली एक प्रमुख भाषा) अक्षरं टाइप व्हायची की हाताने लिहावी लागायची? सायक्लोस्टाइल यंत्र स्वतःचं होतं की विद्यापीठातलं रात्री वापरायचे? प्रती किती निघायच्या आणि उरलेल्यांचं काय व्हायचं? अशा प्रश्नांना भाषणातून उत्तर देता येत नाही, आठवावं लागतं. आणि एक तपशील आठवला की त्याच्या मागून दहा येतात.

इटलीतल्या बायकांच्या मुलाखतीत तर हे फारच जाणवतं. रोम आणि मिलानमध्ये मोठ्या संख्येने एरिट्रियन स्त्रिया घरकाम करत आणि मालकांच्याच घरी राहत. इटलीत अशा नोकरीत गुरुवारी दुपारी आणि रविवारी सुट्टी असायची. म्हणून ‘तुम्ही चळवळीत कशा आलात?’ असं न विचारता ‘गुरुवारी दुपारी तुम्ही कुठे जायच्या?’ असं विचारून बघा. त्या एका दुपारीत सभा, वर्गणी, गावाकडून आलेली पत्रं आणि मैत्रिणी असं सगळं येतं. या स्त्रियांच्या पगारातून लढ्याला मोठा आधार मिळाला. तरी छापील इतिहासात त्यांची नावं फार थोडी आहेत. पदाधिकाऱ्यांकडे नंतर गेलात तरी चालेल, आधी यांच्याकडे जा, हे आमचं स्पष्ट मत आहे.

बोलोन्याबद्दलही असंच विचारा. १९७४ पासून १९९१ पर्यंत दर उन्हाळ्यात इटलीतल्या बोलोन्या शहरात एरिट्रियनांचा मेळावा भरायचा. युरोपभरातून हजारो माणसं यायची. ‘मेळावा कसा होता?’ याचं उत्तर ‘भव्य’ असं येईल. त्याऐवजी कोणत्या गाडीने आलात, तिकिटाला पैसे कसे साठवले, झोपायची सोय काय होती, स्वयंपाकाच्या पाळ्या कोण लावायचं, मुलांना कोण सांभाळायचं, तिथे पहिल्यांदा कोण भेटलं, हे विचारा.

प्रश्न : वर्गणीचे आकडे सगळे वेगवेगळे सांगतात. कोणी ‘महिन्याचा पगार’ म्हणतं, कोणी ‘दोन टक्के’. नोंद कशी करावी?

इथे दोन-तीन वेगळ्या गोष्टी एकात मिसळतात, म्हणून घोळ होतो.

पहिली म्हणजे संघटनेची नियमित वर्गणी आणि त्यावर वेळोवेळी दिलेली मोठी रक्कम. वर्षातून एका महिन्याचा पगार देणारे बरेच होते. दुसरी म्हणजे ‘एरिट्रियन रिलीफ असोसिएशन’ला दिलेली मदत. ही मदतसंस्था १९७५ मध्ये उभी राहिली. दुष्काळ आणि निर्वासितांसाठीचं धान्य, औषधं पोर्ट सुदानमार्गे आत नेण्याचं काम तिच्याकडे होतं. इथिओपियाच्या विमानांच्या भीतीने ट्रक रात्रीच चालायचे. मदतीचा पैसा आणि संघटनेचा पैसा यांचे हिशेब वेगळे होते. सांगणाऱ्याच्या मनात दोन्ही ‘लढ्याला दिलं’ या एकाच खात्यात जमा असतात. तुम्ही मात्र दर रकमेला ‘पावतीवर कोणाचं नाव होतं?’ हे विचाराच.

तिसरी गोष्ट ‘दोन टक्के’. स्वातंत्र्यानंतर एरिट्रियाच्या सरकारने परदेशस्थ नागरिकांच्या उत्पन्नावर २ टक्के पुनर्वसन कर लावला. तो भरल्याचा दाखला नसेल तर वकिलातीतली कामं अडतात, आणि त्यावरून पुष्कळ कटुता आहे. एखादी आजी ‘आम्ही दोन टक्के द्यायचो’ म्हणाली तर ती १९८५ बद्दल बोलतेय की १९९५ बद्दल, हे तिथल्या तिथे विचारून घ्या. नाहीतर स्वखुशीची वर्गणी आणि नंतरचा कर तुमच्या वहीत एकच होऊन बसतील, आणि दोन्ही बाजूंचे लोक तुमच्या नोंदीवर विश्वास ठेवणार नाहीत.

रक्कम ज्या चलनात सांगितली त्याच चलनात लिहा. लिरा, मार्क, क्रोना, रियाल, जे असेल ते. आजच्या युरोत बदलून लिहू नका, महागाईमुळे तो आकडा फसवतो. त्यापेक्षा ‘त्या वेळी खोलीचं भाडं किती होतं?’ हे विचारून शेजारी लिहा. रक्कम केवढी मोठी होती ते त्यावरून वाचणाऱ्याला लगेच कळतं.

प्रश्न : एकच घटना कोणी १९८३ ची सांगतं, कोणी १९९१ ची. महिना मात्र दोघांचा एकच. कोणाची आठवण चुकीची?

बहुतेक वेळा कोणाचीच नाही. एरिट्रिया-इथिओपियातली पारंपरिक गीझ दिनदर्शिका आपल्या नेहमीच्या इंग्रजी कॅलेंडरच्या ७ ते ८ वर्षं मागे असते. तिचं नवं वर्ष ११ सप्टेंबरला सुरू होतं (इंग्रजी लीप वर्षाच्या आधीच्या सप्टेंबरात १२ ला). ११ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळात ७ वर्षं मिळवायची आणि १ जानेवारी ते १० सप्टेंबर या काळात ८. म्हणजे २४ मे १९९१ हा दिवस गीझ पद्धतीने १६ गिनबोत १९८३ होतो.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. खरी फसगत पुढे आहे. एरिट्रियात टिग्रिन्या महिन्यांची नावं इंग्रजी महिन्यांनाही लावतात. गिनबोत म्हणजे सरळ मे, मेस्केरेम म्हणजे सप्टेंबर, लेकातित म्हणजे फेब्रुवारी. मुक्ती आघाडीचे कार्यकर्ते तारखा अशाच सांगतात. ‘बाहती मेस्केरेम’, म्हणजे १ मेस्केरेम, हा त्यांच्यासाठी १ सप्टेंबर, लढा सुरू झाल्याचा दिवस. गीझ पंचांगात मात्र १ मेस्केरेम म्हणजे नववर्ष, ११ सप्टेंबर. तसंच ‘२४ गिनबोत’ कार्यकर्त्याच्या तोंडी २४ मे असतो, आणि चर्चच्या, म्हणजे गीझ, पंचांगाने तोच १ जून होतो.

म्हणून आकडा ऐकताक्षणी बदलायला घेऊ नका. सांगितली तशीच तारीख पहिल्या रकान्यात, कोणती पद्धत ते दुसऱ्या रकान्यात आणि बदललेली तारीख तिसऱ्या रकान्यात लिहा. पद्धत ओळखायला वर्ष मदत करतं: अस्मारा मुक्त झाल्याचं वर्ष १९८३ सांगणारा माणूस गीझ मोजतोय. वर्ष सांगितलंच नसेल तर एखादा सण किंवा ऋतू विचारा. मुस्लिम कुटुंबांत हिजरी वर्षही येतं. ते इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं, त्यामुळे ठरावीक वर्षं मिळवून भागत नाही, तक्ताच बघावा लागतो.

वेळेचंही तसंच. टिग्रिन्यात तास सूर्योदयापासून मोजतात. ‘सकाळी तीन वाजता बैठक होती’ म्हणजे नऊ वाजता. पण तीस वर्षं स्टॉकहोममध्ये राहिलेला माणूस घड्याळाप्रमाणेही बोलतो. विचारून खात्री करा.

आठवण वर्षावर अडली तर खुंटीसारखे काही टप्पे वापरा: १९७४ ची इथिओपियातली क्रांती आणि देर्ग ही लष्करी राजवट, १९७८ ची लढवय्यांची माघार, १९८४–८५ चा दुष्काळ, मार्च १९८८ मधली अफाबेतची लढाई, फेब्रुवारी १९९० मध्ये घेतलेलं मस्सावा बंदर. ‘अफाबेतची बातमी आली तेव्हा मूल झालं होतं का?’ अशा प्रश्नाला माणूस क्षणात उत्तर देतो.

प्रश्न : नावांची सूची करताना आडनावं सापडत नाहीत. एकाच माणसाची तीन नावं दिसतात.

आडनाव नसतंच. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. सूची स्वतःच्या नावाने करा. युरोपातल्या कागदपत्रांत वडिलांचं किंवा आजोबांचं नाव ‘आडनाव’ म्हणून बसलेलं असतं, त्यामुळे सख्ख्या भावांचीही आडनावं वेगळी दिसू शकतात. लढवय्यांची टोपणनावं वेगळीच. लॅटिन लिपीत एकच नाव चार प्रकारे लिहिलं जातं, म्हणून एकदा गीझ लिपीत (टिग्रिन्या याच लिपीत लिहितात) स्वच्छ लिहून घ्या आणि तेच प्रमाण माना.

प्रश्न : एका कुटुंबाकडे खोकंभर कॅसेट आहेत. गाणी, भाषणं, काही ‘आवाजी पत्रं’. घरच्या टेपरेकॉर्डरवर लावून मोबाइलवर घ्याव्यात का?

कृपा करून नको. त्यातली एखादी कॅसेट आयुष्यात एकदाच वाजेल. ती एक वेळ वाया घालवू नका.

आधी प्रत्येक कॅसेटचा, डबीचा आणि आतल्या चिठ्ठीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. चिठ्ठी चिकटलेली असली तर ओढू नका. मग कॅसेटच्या मागच्या कडेवरचे दोन छोटे प्लास्टिकचे कान मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी वर काही भरलं जाणार नाही. खिडकीतून आतली फीत बघा. पांढरी भुकटी किंवा ठिपके असतील तर ती बुरशी. ती कॅसेट बाकीच्यांपासून वेगळी पिशवीत ठेवा आणि वाजवू नका, कारण बुरशी यंत्राच्या हेडला लागून पुढच्या सगळ्या कॅसेटवर जाते. फितीला मागून दाबणारी लोकराची चिमुकली गादीही बघा. ती गळून पडली असेल तर आवाज मफलर गुंडाळल्यासारखा येतो आणि लोक ‘टेप खराब झाली’ म्हणून फेकून देतात. गादी बदलता येते. पाच स्क्रूंचा सांगाडा असेल तर उघडून, सीलबंद असेल तर फीत दुसऱ्या सांगाड्यात हलवून. हे काम आधी कोऱ्या कॅसेटवर करून बघा.

वाजवण्याआधी फीत एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं एका जागी राहिल्याने थर एकमेकांना चिकटतात, ते मोकळे होतात. १२० मिनिटांची कॅसेट असेल तर जास्त जपा: तिची फीत ६० मिनिटांच्या कॅसेटच्या जवळजवळ निम्म्या जाडीची असते आणि चटकन गुंतते.

चांगल्या स्थितीतला डेक घ्या, हातात धरायचा टेपरेकॉर्डर नको. हेड आणि रबरी चाक दर काही कॅसेटनंतर साफ करा, हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. साध्या कॅसेटसाठी सेटिंग ‘टाइप एक’ आणि डॉल्बी (खरखर कमी करण्याची सोय) बंद. लेबलवर डॉल्बी लिहिलं असेल तरच चालू करा. मग हेडचा कोन. डेकच्या हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो, तो अगदी हलका फिरवून ‘स’, ‘श’ ही अक्षरं सगळ्यात स्वच्छ कुठे येतात ते कानाने शोधायचं. प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली असते, त्यामुळे हे प्रत्येक वेळी करावं लागतं. बहुतेक घरगुती प्रती इथेच बिघडतात.

संगणकात ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल, यापेक्षा कमी नको. एका तासाच्या मोनो आवाजाला सुमारे ५२० एमबी लागतात, स्टीरिओला दुप्पट. आवाजाची सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा. खरखर काढायची असेल तर प्रतीवर काढा, मूळ फाइलला हात लावू नका. तीन प्रती करा, एक दुसऱ्या शहरात ठेवा.

एक खास लक्षण सांगून ठेवतो. बॅटरीवर भरलेल्या कॅसेटमध्ये शेवटाकडे बोलणाऱ्याचा आवाज हळूहळू बारीक आणि घाईचा होत जातो. माणूस घाबरला म्हणून नव्हे. भरताना बॅटरी उतरत होती, मोटर मंदावली होती, आणि आता योग्य वेगाने वाजवल्यावर तोच भाग वेगात पळतो. ऐकून उतारा लिहिताना कोणी ‘भावनावेगाने बोलतात’ असं लिहून ठेवतं. लिहिण्याआधी मागचे इतर आवाजही चढे झालेत का ते ऐका.

व्हिडिओ कॅसेटही असतील तर एवढंच पाहा: युरोपात भरलेल्या बहुधा पाल पद्धतीच्या असतात, अमेरिकेतल्या एनटीएससी. चुकीच्या यंत्रावर चित्र उड्या मारतं किंवा काळंपांढरं दिसतं. टेप गेली असं समजू नका.

प्रश्न : दोन मित्र, दोघेही कार्यकर्ते, आणि एकमेकांना खोटं ठरवतात. कोणाचं घ्यायचं?

दोघांचंही, वेगवेगळं बसवून. आणि आधी कोण कुठे होता ते समजून घ्या. १९६० मध्ये कैरोत स्थापन झालेली एरिट्रियन लिबरेशन फ्रंट, म्हणजे ‘जेभा’, आणि तिच्यातून सत्तरच्या दशकात वेगळी झालेली पीपल्स लिबरेशन फ्रंट, म्हणजे ‘शाबिया’, या दोघींत १९७२–७४ मध्ये आणि पुन्हा १९८०–८१ मध्ये यादवी झाली. १९८१ मध्ये जेभाला सुदानात ढकललं गेलं. परदेशातल्या शाखाही तशाच फाटल्या. एकाच इमारतीत राहणारी कुटुंबं एकमेकांच्या लग्नाला गेली नाहीत. शाबिया जिंकली, सरकार तिचं आलं, म्हणून कागदपत्रंही तिचीच जास्त टिकली. जेभाच्या माणसाला मुद्दाम शोधून विचारलं नाही तर तुमचा संग्रह एका डोळ्याचा होईल.

शाबियाच्या बाजूलाही सगळं सरळ नव्हतं. ‘एरिट्रियन्स फॉर लिबरेशन इन नॉर्थ अमेरिका’ ही मोठी संघटना १९७८ मध्ये तिच्यापासून फुटली. इथिओपियाला शस्त्रं देणाऱ्या सोव्हिएत संघाबद्दल काय म्हणायचं, हे त्यातलं मोठं कारण. ज्यांनी सात-आठ वर्षं रात्रंदिवस राबून ती संघटना उभी केली त्यांच्यासाठी हा घाव अजून ओला आहे. ‘१९७८ नंतर तुम्ही काय केलंत?’ एवढंच विचारा आणि थांबा. शांतता भरून काढू नका.

प्रश्न : नाव छापायला, आवाज इंटरनेटवर ठेवायला परवानगी एकदा सही घेऊन पुरेशी होते का?

नाही. एरिट्रियात १९९७ ला मंजूर झालेली राज्यघटना अमलात आलेली नाही, स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय निवडणूक झालेली नाही. सप्टेंबर २००१ मध्ये सुधारणांची मागणी करणारे, स्वतः लढ्यात असलेले नेते पकडले गेले आणि स्वतंत्र वृत्तपत्रं बंद झाली. परदेशातला समाज आज सरकारच्या बाजूने आणि विरोधात असा दुभंगलेला आहे. २०२३ मध्ये जर्मनीतल्या गीसेन आणि स्वीडनमधल्या स्टॉकहोम इथल्या एरिट्रियन महोत्सवांत हाणामारी झाली. १९८६ बद्दलचं एक निरुपद्रवी वाक्यही आज कोणाच्या तरी विरोधात वाचलं जातं, आणि बोलणाऱ्याची बहीण अजून अस्मारात असते.

म्हणून परवानगी दोनदा घ्या. एकदा बोलण्याआधी, आणि एकदा उतारा त्यांच्या भाषेत वाचून दाखवल्यावर, किमान दोन आठवड्यांनी. फॉर्मवर वेगवेगळे पर्याय हवेत: नावासह खुलं, नावाशिवाय खुलं, अमुक वर्षापर्यंत बंद, काही मिनिटं कायमची बंद. टिग्रिन्या किंवा अरबीत फॉर्म द्या, यजमान देशाच्या भाषेतला कागद म्हातारी माणसं संकोचाने सही करून टाकतात. तिसऱ्या माणसाचं नाव आलं तर त्याची परवानगी तुमच्याकडे नाही, हे विसरू नका. मोबाइलवर मुलाखत घेत असाल तर फाइल आपोआप क्लाउडवर चढण्याची सोय आधी बंद करा.

प्रश्न : मुलाखतीत कॉफी येते आणि आवाजाची वाट लागते. नको म्हणावं का?

नको म्हणू नका, अपमान होतो. बुन्नच्या, म्हणजे कॉफीच्या, तीन फेऱ्या असतात: अवेल, कालाय, बेरेका. बिया भाजण्यापासून तिसऱ्या कपापर्यंत सहज तास-दीड तास जातो. भाजणं आणि कुटणं चालू असताना नावं, गाव, कुटुंब अशी साधी माहिती घ्या. छोटा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर कपड्याला लावा, टेबलावर ठेवू नका, कारण कपांचा खणखणाट टेबलातूनच येतो. फ्रिज बंद करायला परवानगी मागा, आणि जाताना तो सुरू करून द्या. मनातलं बोलणं बहुधा बेरेकाच्या वेळी निघतं, तेव्हा यंत्रात जागा आणि बॅटरी शिल्लक असू द्या.

प्रश्न : उतारा कोणत्या भाषेत?

ज्या भाषेत बोलले त्याच भाषेत, गीझ लिपीत. अनुवाद नंतर, शेजारच्या रकान्यात. ‘गेदली’ (लढा), ‘तेगादालाय’ (लढवय्या), ‘मेदा’ हे शब्द तसेच ठेवा. मेदा म्हणजे नुसतं मैदान नव्हे, मुक्त केलेला सगळा मुलूख, तिथलं जगणं आणि तिथे गेलेली माणसं. ‘ती मेदाला गेली’ या वाक्यात ती आघाडीत सामील झाली हेही येतं आणि घर सुटलं हेही. एका तासाच्या मुलाखतीला उताऱ्यासाठी सहा ते आठ तास धरा, दोन भाषा मिसळल्या असतील तर आणखी.